पेन्सिलीच्या वर्तुळातली माझी जागा

मी एक जुना गॅस अलार्म आहे, मित्रांनो. तळहाताएवढा गोल, पांढऱ्या प्लॅस्टिकचा. पांढरा होतो असे म्हणा, आता पिवळट पडलो आहे. माझ्या पोटावर एक बटण आहे. ते दाबले की मी अजूनही कानठळ्या बसतील असा ओरडतो. पण माझ्या आवाजावर जाऊ नका. ओरडणे मला येते. ज्यासाठी ओरडायचे, ते ओळखणे आता येत नाही. जेव्हा येत होते, तेव्हा मी बहुतेक काळ एका बिस्किटांच्या डब्यात होतो. त्याचीच ही हकीकत आहे.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. माझ्या आत बोटाच्या पेराएवढा एक सेन्सर बसवलेला आहे. मी त्याला माझे नाक म्हणतो. हे नाक एकाच वायूसाठी घडवलेले आहे: कार्बन मोनॉक्साइड. गॅस, कोळसा किंवा लाकूड पुरेशी हवा न मिळता जळू लागले की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. स्वयंपाकाचा गॅस गळला तर तुम्ही लगेच नाक मुरडता, कारण त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो. या वायूत असे कोणीच काही मिसळत नाही. तो श्वासाबरोबर रक्तात जातो आणि प्राणवायूसाठी राखून ठेवलेल्या जागेवर ठाण मांडून बसतो. माणसाचे आधी डोके दुखते, मग त्याला गुंगी येते. पुढे त्याला काहीच कळत नाही.

कारखान्यातल्या एका बाईंनी मला काचेच्या पेटीत ठेवले आणि मोजून वायू सोडला. मी वेळेवर ओरडलो. "शहाणा आहेस," त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवर दोन गोष्टी छापल्या: एक क्रमांक, आणि मला कोणत्या वर्षी बदलायचे ते. सात वर्षांत माझे नाक झिजते. ओरडण्याची ताकद मात्र त्यानंतरही राहते. माझ्या जातीतला हा मोठाच धोका आहे.

ज्या मालकाने मला विकत घेतले, त्यांची शहरात नऊ घरे होती आणि नऊही भाड्याने दिलेली होती. घर भाड्याने द्यायचे तर परवाना हवा, आणि परवाना टिकवायचा तर दरवर्षी तपासणी हवी, असा शहराचा नियम होता. बाथरूमच्या गॅस गीझरला धूर बाहेर नेणारा पाइप हवा. खिडकी उघडणारी हवी. गीझरची वर्षातून एकदा साफसफाई व्हायला हवी. आणि प्रत्येक घरात, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, माझ्यासारखा एक अलार्म हवा.

नऊ घरांना नऊ अलार्म लागतात हे पहिलीतले मूलही सांगेल. मालकांनी एकच घेतला. तो मी.

मालक माणूस म्हणून गोड बोलणारे होते. कोणाला अरे-तुरे करत नसत. "कागद पुरा असला म्हणजे झालं," एवढेच त्यांचे म्हणणे. आणि कागदावर तेव्हा एकच चौकोन होता: 'अलार्म आहे / नाही'. तपासणीची तारीख आठ दिवस आधी कळायची. जुने तपासनीस यायचे, वर बघायचे, 'आहे'वर खूण करायचे आणि चहा घेऊन जायचे.

मला घरोघर नेण्याचे काम शिडीवाले काका करत. मालकांच्या नऊ घरांचे नळ, दिवे, कड्या-कोयंडे सगळे तेच बघत. खांद्यावर घडीची शिडी आणि हातात बिस्किटांचा डबा, डब्यात फडक्यात गुंडाळलेला मी. तपासनीस यायच्या तासभर आधी ते भिंतीला दोन भोके पाडून मला बसवायचे आणि तासाभरात पुन्हा काढायचे. मग खिशातून पांढऱ्या साबणाचा तुकडा काढून भोकांवर घासायचे. भोके बुजून जायची. पुढच्या वर्षी त्याच साबणात पुन्हा स्क्रू. अंगठ्याने साबण दाबताना ते जीभ दातांत धरायचे. काम फार नीटनेटके होते त्यांचे.

असा मी नऊ घरांत राहिलो, प्रत्येक घरात वर्षाला दोन तास. नऊ घरांच्या भिंतींवर माझ्या नावाची अठरा भोके होती आणि त्यांत साबण भरलेला होता.

आता मित्रांनो, मी तुम्हाला तिसऱ्या मजल्यावरच्या घरात नेतो. तिथे शिवणकाम करणारी एक बाई, तिची आठ वर्षांची मुलगी आणि बाईचे वडील राहत. वडिलांनी उभा जन्म घड्याळे दुरुस्त करण्यात घालवला होता. सगळे त्यांना घड्याळवाले आजोबा म्हणत. खिडकीजवळ त्यांचे छोटे टेबल होते. त्यावर चिमटे, कातडी पट्टे, आणि डोळ्याला लावायचे काळे भिंग.

काका मला बसवायला आले तेव्हा आजोबांनी हात पुढे केला. "जरा बघू द्या पाहुण्याला." भिंग लावून त्यांनी माझी पाठ वाचली, बटण दाबले, मी ओरडलो. शिवणयंत्रावर बसलेली बाई दचकली.

"बाबा, सुई बोटात गेली असती माझ्या."

"घसा ठणठणीत आहे याचा," आजोबा म्हणाले. "दोन वर्षं मुदत आहे अजून. पण बटणानं घसा कळतो. नाकाचं कोण सांगणार?"

"तुमच्यासारखाच आहे मग," मुलगी म्हणाली. "ओरडता सगळ्यांवर, आणि दूध उतू गेलेलं कळत नाही."

आजोबा इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. खोकला त्यांचा जुनाच होता.

काकांनी मला स्वयंपाकघराच्या भिंतीवर, बाथरूमच्या दाराशेजारी बसवले. जुने तपासनीस आले, वर बघितले, खूण केली, गेले. त्या दोन तासांत गीझर कोणी पेटवलाच नाही. त्याला धूर बाहेर नेणारा पाइप नव्हता हे मला भिंतीवर चढण्याआधी उघड्या दारातून दिसले होते. पण मला डोळ्यांनी पाहिलेले सांगता येत नाही. मला फक्त नाकाने कळलेले सांगता येते.

काका खाली चहा घेत होते तेवढ्यात मुलगी स्टुलावर चढली. तिने पेन्सिलीने माझ्याभोवती एक वर्तुळ काढले, अगदी माझ्या कडेला पेन्सिल टेकवून.

"हे काय करतेस गं?" आईने विचारले.

"त्याचं घर," ती म्हणाली.

मला त्याआधी कोणी घर दिले नव्हते.

थोड्या वेळाने काका शिडी घेऊन आले आणि स्क्रू काढू लागले. मुलगी खाली उभी होती.

"काका, त्याला कुठे नेताय?"

काकांची जीभ दातांत होती. ती सोडवून ते म्हणाले, "धुवायला नेतोय."

"परत आणाल?"

"आणतो की."

डब्याचे झाकण बंद होण्याआधी मला शेवटचे दिसले ते वर्तुळ. मध्ये काही नाही आणि भोवती पेन्सिलीची रेघ.

त्या वर्षी थंडी फार पडली. बाथरूमच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांतून बोचरे वारे यायचे आणि आजोबांचा खोकला वाढायचा. म्हणून मुलीच्या आईने पट्ट्यांच्या फटींत शिवणाच्या चिंध्या कोंबल्या. आजोबांना बरे वाटले. सकाळी सगळ्यांत आधी तेच अंघोळीला जात.

त्या सकाळी मी काकांच्या घरात, फळीवर, डब्यात होतो. दुपारी काका आले आणि जेवायला न बसता तसेच बसून राहिले.

"घड्याळवाले आजोबा गेले," ते काकूंना म्हणाले. "बाथरूममधून बाहेर येईनात. कडी मीच तोडली."

"अरे देवा. पडले होते का?"

"नाही गं. भिंतीला टेकून बसले होते, डुलकी लागावी तसे. डॉक्टर म्हणाले हृदय. वय होतंच."

"शांतपणे गेले म्हणायचं."

"चेहरा काय टवटवीत होता. गाल लालबुंद, तरुण माणसासारखे. सगळे म्हणत होते, पुण्यवान माणूस, मेल्यावरही तेज गेलं नाही."

मित्रांनो, मी अंधारात होतो, पण माझ्यासारख्याला ते लाल गाल दिसले. हा वायू रक्तात बसला की रक्ताचा रंग तसाच लाल राहतो. माणूस गेला तरी गालांवर रंग राहतो. ते तेज नसते.

काकांचा हात डब्याच्या झाकणावर आला. कितीतरी वेळ तो तिथे होता. झाकण त्यांनी उघडले नाही.

त्यानंतर मात्र त्यांना एक खोड जडली. चार-आठ दिवसांनी ते डबा उघडत आणि माझे बटण दाबत.

"वेड लागलंय का तुम्हाला?" काकू एकदा वैतागून म्हणाल्या. "नळ गळतोय तो बघा म्हटलं तर हे वाजवत बसता."

"बघतोय, बोलतो का."

"आणि बोलला तर काय सांगणार आहे तो तुम्हाला?"

काकांनी झाकण लावले.

एकदा मालक हिशेबाच्या वह्या घेऊन आले होते, तेव्हा काका हळूच म्हणाले, "मालक, तिसऱ्या मजल्यावर तेवढा हा कायमचा लावून टाकू का?"

"आता कशाला?" मालक गोड आवाजात म्हणाले. "गेले ना ते."

पण त्या घरात अजून दोन माणसे रोज सकाळी अंघोळ करत होती. मी फळीवर पडून तेच मोजत बसे. हवेच्या दहा लाख भागांत हा वायू शंभर भाग झाला की मला ओरडायला फार तर चाळीस मिनिटे लागतात. तीनशे भाग झाला तर तीनही लागत नाहीत. आजोबांची अंघोळ किती मिनिटांची होती? मी भिंतीवर असतो तर कितव्या मिनिटाला ओरडलो असतो? हे गणित मी रोज नव्याने मांडायचो. त्याचे उत्तर मला आजही मिळालेले नाही, कारण त्या सकाळचा आकडा घ्यायला तिथे कोणीच नव्हते.

वर्ष फिरून थंडी आली आणि तिसऱ्या मजल्याच्या तपासणीची तारीखही आली. जुने तपासनीस निवृत्त झाले होते. आता एक नव्या बाई येणार होत्या.

काकांनी डबा उघडला, शिडी लावली. वर्तुळ तिथेच होते. वर्षभराच्या फोडणीने आणि वाफेने भिंत पिवळसर झाली होती, पण पेन्सिलीची रेघ शाबूत होती. काकांनी साबणातून स्क्रू आत घातले आणि मी बरोबर माझ्या जागी बसलो.

खाली मुलगी उभी होती. ती आता नऊ वर्षांची होती.

"धुवायला एक वर्ष लागलं?" तिने विचारले.

काका शिडीवरच थांबले. उतरून ते नुसतेच म्हणाले, "आई कुठाय?"

"पडलीय आत. रोज सकाळी अंघोळ झाली की तिचं डोकं ठणकतं."

बाथरूमची कडी अजून वाकडीच होती. ती तोडणारे काकाच होते आणि नवी लावायला मालकांनी सांगितले नव्हते. काकांनी त्या कडीवर बोट फिरवले आणि पटकन काढून घेतले.

तेवढ्यात नव्या तपासनीस बाई आणि मालक आले. बाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी वर बघितले, पण खूण केली नाही.

"गीझर पेटवा," त्या म्हणाल्या. "रोज जसा वापरता तसा. दार रोज असतं तसं, खिडकीही तशीच."

"मॅडम, उत्तम चालू आहे," मालक म्हणाले. "कशाला उगाच पाणी वाया घालवायचं?"

"माझी तशी पद्धत आहे."

मुलीची आई उठून आली. तिने खिडकीच्या फटींत चिंध्या नीट बसवल्या, पाणी सोडले, दार लोटले. बाईंनी सगळ्यांना बाहेरच्या उघड्या दाराशी उभे केले आणि मनगटावरच्या घड्याळात बघत राहिल्या. ते घड्याळ जुने, चावीचे होते. मुलगी त्याच्याकडे टक लावून बघत होती.

लोटलेल्या दाराच्या फटीतून आधी वाफ आली. मग तो आला. सात वर्षांसाठी घडवलेल्या माझ्या नाकाला तो सहाव्या वर्षी, पहिल्यांदा, खरोखरीचा कळला. सुरुवातीला पुसट. मग दाट. कारखान्यातल्या काचेच्या पेटीत होता तेवढा, मग त्याहून अधिक.

नवव्या मिनिटाला मी ओरडलो.

"काढा हो ती बॅटरी," मालक काकांना म्हणाले. आवाज अजून गोडच होता. "जुना झालाय तो. उगाच वाजतो."

काका शिडी चढले. त्यांचे दोन्ही हात माझ्यावर आले. डब्याच्या झाकणावर असायचे तेच हात. मी ओरडत होतो आणि ते माझ्याकडे बघत होते. असे वाटले की मी काय सांगतो आहे ते त्यांना एकेक शब्द कळते आहे.

"नाही काढत," काका म्हणाले.

बाईंनी श्वास रोखून आत जाऊन गीझर बंद केला, चिंध्या उपसल्या, सगळ्या खिडक्या उघडल्या. बऱ्याच वेळाने मी गप्प झालो.

"हा इथे कधीपासून आहे?" बाईंनी विचारले.

"वर्षभर," मालक म्हणाले. "परवाना झाल्यापासून."

बाईंनी काकांना मला खाली उतरवायला सांगितले आणि त्या स्वतः स्टुलावर चढल्या. "ही भिंत वर्षभरात पिवळी पडलीय," त्या म्हणाल्या. "अलार्म वर्षभर इथे असता, तर त्याच्या मागची भिंत झाकलेली राहिली असती. या वर्तुळाच्या आत ती पांढरी दिसायला हवी होती. आतबाहेर रंग सारखाच आहे." मग त्यांनी भोकात नख घातले. नखावर पांढरे काहीतरी आले. त्यांनी ते हुंगले. "हा तर साबण."

मग शिडीवाले काका बोलले.

"नव्हता इथे, मॅडम. माझ्या डब्यात होता. नऊ घरांना मिळून हा एकच आहे. साबण मीच भरतो."

मालकांनी त्यांच्याकडे बघितले. काकांनी बघितले नाही. नोकरी गेली हे त्यांना त्याच क्षणी कळले होते.

मुलीची आई भिंतीला धरून उभी होती. "मॅडम," ती म्हणाली, "माझे बाबा गेल्या थंडीत इथेच गेले. डॉक्टर म्हणाले हृदय. पण त्यांचे गाल लाल होते. सगळे म्हणाले तेज आहे."

बाई स्टुलावरून उतरल्या. "मी डॉक्टर नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "आता कोणालाच खात्रीनं सांगता येणार नाही. खोटं सांगणार नाही मी तुम्हाला."

"चिंध्या मीच कोंबल्या होत्या. त्यांना वारा लागू नये म्हणून."

"चिंध्या तुम्ही कोंबल्यात," बाई म्हणाल्या, "पण गीझरला पाइप कोणी लावलाच नव्हता. आणि हा ओरडला असता, तर चिंध्या तुम्हीच उपसल्या असत्या."

मुलगी काकांकडे गेली. ती रागावेल असे मला वाटले. तिने फक्त त्यांच्या हातातून मला घेतले आणि पाठीवरचा आकडा वाचला, आजोबा वाचायचे तसा, एक डोळा बारीक करून.

त्यानंतरचे थोडक्यात सांगतो. गीझर त्याच दिवशी सील झाला. नऊही परवाने थांबवले गेले, आणि पाइप, खिडक्या आणि नऊ अलार्म लागेपर्यंत ते परत मिळाले नाहीत. तपासणीच्या कागदावर आता नुसती खूण करून भागत नाही. अलार्मचा क्रमांक आणि मुदत लिहावी लागते, आणि तारीख आधी कळवत नाहीत. शिडीवाले काका हल्ली दुसरीकडे कामाला असतात. तिसऱ्या मजल्यावरचा नवा अलार्म त्यांनीच बसवला, सुट्टीच्या दिवशी येऊन. तो माझ्यापेक्षा लहान आहे. त्याच्याभोवती माझ्या वर्तुळाची रेघ अजून दिसते, असे मी ऐकले. मुलीने ती पुसू दिली नाही.

मी पुरावा म्हणून दोन वर्षे एका कचेरीच्या कपाटात, पिशवीत होतो. तोवर माझी मुदत संपली. आता तपासनीस बाई मला शाळाशाळांतून नेतात. त्या माझे बटण दाबतात, तुम्ही कान झाकता, हसता. मी ओरडतो तेव्हा मला मात्र वर्ग दिसत नाही. मला लोटलेले दार दिसते आणि त्याच्यामागे भिंतीला टेकून बसलेले कोणीतरी. मी तेव्हा ओरडलो नव्हतो. आता कितीही ओरडलो तरी ते उठत नाहीत.

म्हणून मित्रांनो, आज घरी गेलात की बाथरूमबाहेरच्या भिंतीकडे एकदा बघा. तिथे माझा कोणी भाऊबंद आहे का? असेल, तर मोठ्यांना सांगून त्याची पाठ वाचा; त्याच्या आवाजावर समाधान मानू नका. नसेल, तर घर कोणाचे आहे हे न बघता विचारा, का नाही. खिडकीच्या फटी बुजलेल्या असतील, तर त्या मोकळ्या करायला सांगा.

आणि कधी कोणी शिडी घेऊन आले, त्याला भिंतीवरून उतरवू लागले, आणि तुम्ही विचारल्यावर म्हणाले की धुवायला नेतो आहे, तर त्याला नेऊ देऊ नका. आम्हाला धूत नाहीत.